धक्क्यानंतरची हजेरी

कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला भूकंप शिकवावा लागत नाही. आधी आवाज येतो, डोंगराच्या पोटातून रिकामं पिंप गडगडत यावं तसा. मग खालून वर एकच ठोसा. मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, आणि संपतं. कारवटे गावातली माणसं हातातलं काम न सोडता "झाला" एवढंच म्हणतात आणि पुढचा घास घेतात.

म्हणूनच त्या रविवारी सकाळी जे झालं ते कारवट्यात फारसं कुणाला ओळखता आलं नाही. आवाज आला नाही, धक्का बसला नाही, एक भांडं वाजलं नाही. नामदेवराव सपकाळ ओट्यावर दाढी करत बसले होते. त्यांना वाटलं, आपलं डोकं फिरतंय. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, खांब धरला आणि शेजारच्या दारात हाक घातली, "वैनी, पित्त झालंय वाटतं. जरा आमसुलं द्या."

आतून उत्तर आलं नाही, म्हणून ते उठून उंबऱ्यापर्यंत गेले. मालनबाई स्वयंपाकघरात जमिनीवर दोन्ही तळहात टेकून बसल्या होत्या. समोर अर्धी शिवलेली वाकळ पडली होती. पिंपातलं पाणी एका काठाकडे जात होतं, थांबत होतं, दुसऱ्या काठाकडे येत होतं. खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर भिंतीवर हळूहळू डावीउजवीकडे सरकत होतं. झोपलेल्या पोराचा पाळणा कुणी पायानं हलवावा, तेवढ्याच संथ लयीत.

"पित्त न्हाई, भाऊजी," मालनबाई म्हणाल्या. "लाट आहे ती. पनूच्या पायाखालनं निघालेली. आत्ता पोचली."

हे त्यांना कसं कळलं, ते समजायचं तर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पाटाकडे बघायला हवं.

दिसायला तो साधा पाट होता. जेवायला बसतात तसा, शिसवी रंगाचा, कडेला पितळी पट्टी. खालच्या बाजूला मात्र चार छोटी यंत्रं होती आणि मागून एक वायर भिंतीत गेली होती. गेल्या काही वर्षांत देशभर इंटरनेटसाठी काचेच्या तारा पुरल्या गेल्या. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो आणि आपली बोलणी, चित्रं, पैसे इकडून तिकडे नेतो. पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कण-कण दोष राहतातच. प्रकाशाचा ठिपका तंतूतून जाताना प्रत्येक दोषावर आपटून त्यातला थोडासा मागे परततो. जमीन हलली की तंतू ताणला जातो, अगदी किंचित. मग परतणारा प्रकाशही किंचित बदलून येतो. तो बदल मोजला की तार कुठे, किती हलली ते एक-दोन मीटरच्या फरकानं सांगता येतं. म्हणजे बोलण्यासाठी पुरलेली तार ऐकूही शकते, हे कळायला थोडा उशीर झाला एवढंच.

आधी भूकंपाच्या अभ्यासकांनी तिचा उपयोग केला. मग शाळांमधून पाट आले. मुलांनी त्यावर उभं राहायचं आणि हजारो किलोमीटरवरचा भूकंप पायांनी शिकायचा. त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की तार भूकंप ऐकते तशी पावलंही ऐकते. ज्यांची मुलं दूर होती त्यांच्या घरोघरी पाट गेले. मुलाच्या घराखालची तार आईच्या पाटाला जोडायची. मुलगा तिकडे चालला की आईच्या तळपायाला इकडे कळायचं. आवाज नाही, चित्र नाही, फक्त चालणं.

मालनबाईंची मुलगी प्रणोती, घरातली पनू, हिमालयात सोनधार नावाच्या गावी शाळेत विज्ञान शिकवत होती. शाळेच्या मागेच शिक्षकांच्या खोल्या होत्या, त्यातली खालच्या मजल्यावरची एक तिची. मालनबाई ऑर्डरच्या वाकळा शिवायच्या. पाय पाटावर ठेवून टाका घालायचा, ही त्यांची दिवसभराची बैठक. पनू उठली, चुलीपाशी गेली, खिडकीशी थांबली, परत चुलीपाशी आली. तिची उजवी टाच लहानपणापासून जोरात पडते. शंभर पावलांत ती टाच त्यांनी ओळखली असती.

सुरुवातीला गंमत वाटली. मग फोनवर प्रश्न सुरू झाले. काल सारख्या येरझाऱ्या का घालत होतीस? सकाळी चहा न घेताच गेलीस का? प्रणोतीनं थोडे दिवस उत्तरं दिली. एकदा ती म्हणाली, "आई, लोकांना वाटतं मी इथे एकटी राहते. मी तुझ्या तळपायाखाली राहते." बोलली हसत, पण हसण्याच्या आत काय होतं ते मालनबाईंना कळलं. ठरलं असं की पाट राहील, चौकशी बंद.

ते त्यांनी बरेच महिने पाळलं. मग दुपारनंतर त्या खोलीत आणखी कुणाची तरी पावलं उमटू लागली. हलकी, पळती, एका जागी न ठरणारी. त्यांना राहवेना. त्यांनी विचारलं, कोण गं येती ती?

"ती म्हणून कसं कळलं तुला?"

"पाय सांगत्यात."

"मग नावपण पायांनाच विचार," प्रणोती म्हणाली.

थट्टाच होती, पण मालनबाईंना ती लागली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि तीही आपणहून सांगायची राहिली.

त्या रविवारी सकाळी पाट हलला तो असा की मालनबाईंच्या बोटात सुई गेली. पाटाला मर्यादा घातलेली असते. कितीही मोठा भूकंप असला तरी तो बोटभरापेक्षा जास्त हलत नाही. पण तेवढ्या जागेत तो कुणीतरी आतून धडका माराव्यात तसा थरथरत राहिला. कोयनेचा धक्का येतो आणि जातो. हा जाईना. मालनबाई पाटावरून उतरल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पाट एकदम गप्प झाला. त्यांनी फोन लावला. तो लागला नाही.

प्रकाश तारेतून डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. भूकंपाच्या लाटा खडकातून येतात; त्यांना सोनधारहून कारवट्याला यायला सात-आठ मिनिटं लागतात. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, तसंच हे. पण मागून येताना ती लाट बदललेली असते. लग्नाची वरात लांब गेली की सनई ऐकू येत नाही, फक्त ढोल पोचतो. खडकाचंही तसंच आहे. बारीक, जलद थरथर वाटेतच विरून जाते. लांब, संथ हेलकावे तेवढे दूरवर पोचतात. त्यांना आवाज नसतो. आयुष्यभर जवळचे धक्के खाल्लेल्या माणसाला ते भूकंप वाटतच नाहीत, पित्त वाटतं.

ती सात-आठ मिनिटं मालनबाईंनी फोन लावण्यात घालवली. आणि मग पाट नव्हे, घराची फरशीच हलू लागली. आयुष्यात पहिल्यांदा दूरचा भूकंप त्यांच्या घरी आला होता. मघाशी जी जमीन पनूच्या पायाखाली उसळली, तिचाच हेलकावा आता आपल्या हाताखालून जातोय, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही तळहात फरशीवर ठेवले. पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे ठेवले आणि लाट पूर्ण निघून जाईपर्यंत उचलले नाहीत.

दुपारपर्यंत बातम्या आल्या. सोनधारचा रस्ता तुटला होता. शाळेची इमारत उभी होती, मागच्या खोल्या एकावर एक बसल्या होत्या. रविवार असल्यामुळे शिक्षक बहुधा बाजारात असतील असं कुणीतरी सांगत होतं. नामदेवराव फोनवर फोन लावत होते. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या होत्या.

उन्हं कलली तेव्हा पाट चालू लागला.

खाटेपासून चुलीपर्यंत. चुलीपासून खिडकीपर्यंत. खिडकीशी थांबणं. परत चूल. उजवी टाच जोरात. मालनबाईंनी आधी एक पाय ठेवला, मग दोन्ही, मग खाली बसून हात. "चालतीय," त्या म्हणाल्या. "पनू चालतीय." नामदेवरावांनी पाटावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. गल्लीत चहा झाला. कराडच्या मावशीला, पुण्याच्या आत्याला निरोप गेले की पोरगी सुखरूप आहे, फोन तेवढा बंद आहे.

मालनबाई रात्रभर पाटाजवळच झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर तिथेच बसून राहिल्या. पावलं येत होती, जात होती. मदत केंद्राचा नंबर संध्याकाळी एकदाचा लागला. त्यांनी नाव सांगितलं, खोली सांगितली, मुलगी जिवंत आहे, चालतेय, हे सांगितलं. पलीकडची बाई थकलेली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, कालपासून हजारो फोन आलेत. सगळ्यांचीच माणसं चालतायत."

त्या वाक्याचा अर्थ मालनबाईंना लगेच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी पाय पाटावरून काढून घेतले. थोड्या वेळानं पुन्हा ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या कंपनीतला जितेंद्र ढमाले आला. पाट बसवायला कराडहून तोच आला होता. चांगला मुलगा, काम झाल्यावर वाकळेवर बसून दोन भाकरी खाऊन गेलेला. आज तो उंबऱ्यातच उभा राहिला. मालनबाईंनी त्याला आत बोलावलं आणि पाटाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण चालतंय?"

ढमालेनं खाली बसून पाटावर हात ठेवला.

"कोणी नाही, काकू," तो म्हणाला. "सवय चालतेय."

मग त्यानं सांगितलं. तारेतून येणारी खूण कधीकधी मंदावते, कधी तुटते. पाट गप्प झाला की म्हातारी माणसं घाबरायची, रात्री-अपरात्री कंपनीला फोन करायची. म्हणून कंपनीनं एक सोय केली. पाट महिनोन् महिने एका माणसाचं चालणं शिकत असतो. कुठल्या वेळी किती पावलं, कुठे थांबणं, कुठली टाच. खूण मंदावली की तो शिकलेलं ज्या त्या वेळेला वाजवतो आणि आलेली बारीकसारीक थरथर गोंगाट समजून पुसून टाकतो. कंपनीत त्याला भरणी म्हणतात. खाचा भरून काढायची म्हणून भरणी.

"नक्षत्रातली भरणी काय ही?" नामदेवराव म्हणाले. चेष्टा करायला गेले, पण जमली नाही. "आम्हाला सांगायचं तरी आधी."

ढमालेनं लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली. तो म्हणाला, "मलाही आत्ता, या दोन दिवसांत कळलं, काका."

मालनबाई पाटाकडे बघत होत्या. पावलं खिडकीशी जाऊन थांबली होती. ती खिडकी आता जगात नव्हती.

"खरं काय येतंय का तिकडनं?" त्यांनी विचारलं.

येत असावं, असं ढमाले म्हणाला. सोनधारची तार दोन्ही बाजूंनी जोडलेली होती. रस्त्याकडची बाजू तुटली, पण धरणाकडची शाबूत दिसत होती. तारेला घरात वीज लागत नाही. दिवा तारेच्या दूरच्या केंद्रात असतो, ढिगाऱ्याखाली नुसती काच पडून राहिली तरी ती ऐकते. खोल्यांच्या फरशीखालची तार अजून ऐकत असेल, फार अंधुक. पण ते कळायला भरणी बंद करावी लागेल. आणि एकदा बंद केली की पाटानं शिकलेलं सगळं पुसलं जाईल. नव्यानं शिकवायचं तर...

"तर माणूस लागतं," मालनबाईंनी वाक्य पुरं केलं.

नामदेवराव पुढे झाले. "नको, वैनी. राहू द्या. तेवढं तरी राहू द्या."

मालनबाईंनी तळहात पाटावर टेकला. एक फेरी पूर्ण होऊ दिली. खाट, चूल, खिडकी, थांबणं, चूल. इतक्या वर्षांत पोरीच्या इतकं जवळ त्या कधीच बसल्या नव्हत्या, आणि ती तिथे नव्हती. या घरात दुसरं तसं काहीच नव्हतं. फोटो हलत नाही. साडीला वास राहतो, तोही जातो.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

पावलं चुलीपाशी पोचायच्या आत थांबली.

पाट आता जवळजवळ गप्प होता. नीट हात ठेवला तर चाळणीतून पीठ पडावं तशी बारीक कुरकुर जाणवत होती. ती नदी आहे, ढमाले म्हणाला. मधूनच एक जाड घरघर यायची. ती दूर कुठेतरी चाललेली खणायची यंत्रं. माणूस असं काही त्यात ओळखू येत नव्हतं. ढमालेनं लॅपटॉप उघडला आणि तो आकृत्या बघत बसला.

मालनबाई मात्र एका गोष्टीची वाट बघत होत्या. त्यांच्या घरची एक रीत होती, ती ढमालेला माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांचे यजमान रघुनाथ असताना ती सुरू झाली. धक्का बसला की दिवे जायचे, धूळ उडायची आणि घरातले सगळे एकदम ओरडायचे. कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. रघुनाथरावांनी नियम केला. ओरडायचं नाही. जमीन थांबली की हजेरी द्यायची, टाचेनं किंवा मुठीनं, फरशीवर. त्यांचा एक ठोका, मालनबाईंचे दोन, पनूचे तीन. क्रमानं. पुढे गल्लीतल्या घराघरानं ही रीत उचलली. रघुनाथराव गेले तेव्हा त्यांचा आकडा कुणी घेतला नाही. धक्का बसला की मायलेकी त्यांच्या एका ठोक्यापुरत्या थांबायच्या आणि मगच दोन सुरू व्हायचे. आकडा माणसाबरोबर येतो. माणूस गेलं तरी त्याची जागा जात नाही.

आणि सोनधारला धक्के अजून बसत होते. एवढा मोठा खडक सरकला की तो लगेच बसत नाही. ट्रकात भरलेली पोती वाटेत दबत दबत बसतात, तसा तो पुढे कित्येक दिवस हलत राहतो. प्रत्येक हलण्याचा एक धक्का. तिथली माणसं उघड्यावर राहून, आता नको, आता नको म्हणत होती.

"काकू, आता काय करायचं?" ढमालेनं विचारलं.

"धक्का येऊ दे."

नामदेवराव म्हणाले, "धक्का यावा म्हणून बसलेलं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतोय." पण तेही खाली बसले.

धक्का आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. लहानसा. पाट तडतडला आणि थांबला. कुरकुर परत आली.

एका ठोक्यापुरती जागा गेली.

मालनबाईंची मूठ आपोआप फरशीवर दोनदा पडली. तिकडे ती ऐकू जाणार नव्हती. त्यांना थांबवता आलं नाही.

मग तिघांच्याही नजरा पाटावर खिळल्या. तीन ठोक्यांना लागतो तेवढा वेळ आला आणि गेला. पाट नुसता कुरकुरत होता. नामदेवरावांनी तोंड फिरवलं.

आणि मग ठोके आले. अगदी हलके, घाईचे, बोटांनी दगडावर मारावेत तसे. एक, दोन, तीन. नामदेवराव उठूनच उभे राहिले. पण मालनबाईंनी एक हात वर केला होता, आणि पाटावरच्या दुसऱ्या हाताखाली चौथा ठोका पडला.

त्यानंतर नदी.

"चार," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून ढमालेला कळेना की हे चांगलं झालं की वाईट. "माझी पोरगी न्हाई ती. पण तिथं कुणीतरी हाय. आमच्या घरचं चौथं हाय. फोन लाव."

मदत केंद्रानं आधी नकारच दिला. पावलांच्या तक्रारी घेणं त्यांनी बंद केलं होतं. ढमाले पुन्हा पुन्हा सांगत राहिला की ही पावलं नाहीत, भरणी बंद आहे, हे ठोके आहेत आणि धक्क्यानंतरच येतायत. शेवटी कुणीतरी पुरावा मागितला. ढमालेनं कच्ची नोंद काढली. पाटावर जे पुसलं जात होतं ते तारेच्या केंद्रात साठलेलं होतं. आजवर ते उघडून बघायला कुणाला उसंत नव्हती. तो एकेका धक्क्यामागचा तुकडा बघत गेला आणि बघता बघता त्याचा हात थांबला.

"आधीच्या धक्क्यांनंतर काय हाय?" मालनबाईंनी विचारलं.

त्यानं मागचे दोन तुकडे पुन्हा उघडून बघितले.

"ढमाले, बाळ. काय हाय?"

"तीन आणि चार," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी. आधी तीन, मग चार."

"कुठवर?"

"काल दुपारपर्यंत."

काल दुपारी मालनबाई याच जागी बसल्या होत्या. पाय पाटावर होते. पनू खाटेपासून चुलीपर्यंत जात होती, चुलीपासून खिडकीपर्यंत. त्या चालण्याखाली, पुसून टाकलेल्या गोंगाटात, तिची हजेरी येत होती.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी वाकळ ओढून मांडीवर घेतली, सुई शोधली आणि दोरा ओवायचा प्रयत्न केला. तो जाईना. नामदेवरावांनी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली.

तार जागा नेमकी सांगते. मदत केंद्रानं ती पुढे कळवली आणि खणणारी माणसं शाळेमागच्या ढिगाऱ्याकडे परत आली. संध्याकाळी त्यांनी जिन्याखालच्या पोकळीतून एका मुलीला बाहेर काढलं. गौरा तिचं नाव, खोल्या सांभाळणाऱ्याची नात, नऊ वर्षांची. प्रणोती तिच्या शेजारीच होती. तिच्या अंगावर तुळई होती आणि एक हात मोकळा. त्या हाताची बोटं सोलवटलेली होती.

मुलगी नंतर मदत छावणीतल्या डॉक्टरांना म्हणाली, दीदी रोज शाळा सुटल्यावर शिकवायची. धक्के शिकवले, लाटा शिकवल्या. आमच्या घरात एक बाबांचा, दोन आईचे, तीन माझे, आणि तू चार, असं तिनं सांगितलं होतं. उन्हाळ्यात घरी नेणार होती. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला गंमत दाखवायचीय, म्हणाली होती. आदल्या दुपारनंतर दीदीनं तीन दिले नाहीत तेव्हा गौरानं तिला हलवून बघितलं. मग तिच्या तीन ठोक्यांपुरतं थांबून ती आपले चार देत राहिली, कारण क्रम मोडायचा नसतो.

हे सगळं मालनबाईंना ढमालेनं येऊन सांगितलं. त्यानंतर कंपनी सोडली त्यानं. पुढे पाटांतून भरणी काढावी असा हुकूम निघाला, आणि त्याविरुद्ध सर्वांत जास्त अर्ज आले ते माणसं गेलेल्या घरांमधून. देशभरात कितीतरी पाटांवर कितीतरी माणसं अजून चालत होती. मालनबाईंनी अर्ज करणाऱ्यांना नावं ठेवली नाहीत. संध्याकाळी उन्हं कलली की त्यांचे स्वतःचे पाय अजूनही त्या जागेकडे वळत.

पुढच्या उन्हाळ्यात गौराचे मामा तिला घेऊन कारवट्याला आले. मुलगी काळीसावळी, कमी बोलणारी. तिला मराठी येत नव्हती आणि मालनबाईंचं हिंदी ऐकून नामदेवराव पोट धरून हसत. घरात आल्या आल्या तिनं स्वयंपाकघराची फरशी पायांनी चाचपून बघितली, जणू तिला ती कुणीतरी वर्णन करून सांगितली होती. पाटाखालची यंत्रं मालनबाईंनी केव्हाच काढून दिली होती. आता तो नुसता पाट होता. त्यांनी तो मांडला आणि गौराला जेवायला बसवलं.

तिसरी पोळी वाढत असताना आवाज आला, डोंगराच्या पोटातून रिकामं पिंप गडगडत यावं तसा. मग खालून ठोसा. मांडणीवरची भांडी वाजली, बाहेर कुत्री भुंकू लागली. मामा ताट सोडून दाराकडे धावले. गौरा हलली नाही. तिचा हात ताटात होता तसाच राहिला आणि डोळे मालनबाईंकडे लागले.

जमीन थांबली. शेजारच्या घरातून नामदेवरावांची हजेरी ऐकू आली.

मालनबाई एका ठोक्यापुरत्या थांबल्या. मग त्यांनी टाचेनं दोन दिले आणि त्यांच्या मनात आलं, लहान आहे, घाबरलीय, घाई करेल.

गौरानं घाई केली नाही. ती मान खाली घालून थांबली. फरशीवर भाताचं एक शीत पडलं होतं, त्याच्याकडे बघत थांबली. घरात कुणी हललं नाही. तीन ठोक्यांना, एका जोरात पडणाऱ्या टाचेला, लागेल तेवढी जागा तशीच मोकळी राहिली.

मग तिनं उष्टा हात ताटातून बाजूला घेतला आणि डाव्या मुठीनं पाटावर चार ठोके दिले.